मर्कीजचं तळं

"ये गं मर्कीज, ये गं ब्लोंद, ऊन उतरलं, ये... दगडाची सावली लांब झाली, ये गं ये..."

इर्माची ही हाक माळावर कोणत्याही टोकाला ऐकू यायची. ती हाक मारायची नाही, गायचीच. शेवटचं "ये" इतकं ताणायची, की खुरट्या ओक झाडांच्या रांगेपलीकडून तिच्या दोन गाईंच्या तांबूस पाठी हलत येईपर्यंत ते हवेतच राहायचं. तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो. मेंढ्या वळवता वळवता त्या हाकेवरून मला कळायचं की सहा वाजले, घरी जायला हवं.

बावीस वर्षं झाली, ती हाक बंद आहे. बंद मी केली.

ते सांगायचं तर तळ्याचं सांगायला हवं. आमच्या पेशसेक गावाच्या वरचा माळ चुनखडीचा. पाऊस पडला की खडक तो पिऊन टाकतो, वर थेंब ठेवत नाही. म्हणून जुन्या माणसांनी वाटेवाटेला खडकात तळी कोरली, तळाला हातभर चिकणमातीचा थर दिला, आणि त्यात पावसाचं पाणी धरलं. या तळ्यांचा एकच नियम. मेंढी आत गेली तर चालेल, तिचा पाय हलका. गाय आत जायची नाही. गाईचा खूर माती फोडतो. गाईंना काठावर उभं करून बादलीनं पाजायचं. आमच्या भागात लहान मूलही हे जाणतं.

त्या मोठ्या उन्हाळ्यात वरच्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि माझ्या एकशे ऐंशी मेंढ्या जिभा काढून उभ्या होत्या. मी चारा साठवायच्या खड्ड्यासाठी खोदायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं. मनात आलं, तळाचा गाळ थोडा काढला तर पाणी खोल होईल, सावलीत राहील, आटणार नाही. पहाटे, गाव उठायच्या आत, यंत्र माळावर नेलं. दोन बकेट गाळ काढला. तिसऱ्या वेळी खाली काहीतरी कचकन वाजलं. यंत्राच्या बकेटचा एक लोखंडी दात तुटून आतच राहिला. मी यंत्र घेऊन घरी आलो. दुपारी जाऊन बघतो तर पाणी पोटरीवर आलेलं, आणि इर्माची मर्कीज मधोमध गाळात उभी. इर्मा ओकाखाली पेंगलेली.

संध्याकाळी पावाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, तळं अचानक कसं उतरलं? मी म्हणालो, "मी इर्माची गाय आत उभी पाहिली."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर सुटका नाही.

गावानं सभा बोलावली. इर्मा उभी राहिली, हो म्हणाली, खाली बसली. मी मांडीवर टोपी धरून बसलो होतो. पुढच्या महिन्यात तिनं दोन्ही गाई खाटकाला दिल्या. तिच्याकडे मग कुरण उरलं, गाय नाही. ते कुरण तिनं मला चरायला दिलं. म्हणाली, "गवत वाया कशाला घालवायचं, जिल्बेर?" बावीस वर्षं माझ्या मेंढ्या मर्कीजचं गवत खातायत. मी तिला दर हिवाळ्यात फोडलेली लाकडं नेऊन टाकतो. ती माझ्याबद्दल म्हणते, वेसादचा मुलगा म्हणजे सोनं आहे.

*

यंदा तसाच उन्हाळा आला. जूनमध्येच गवत पिवळं पडलं. बागेला पाणी घालायला बंदी झाली. आणि याच वर्षी गावाच्या वाटमंडळाला तळ्यापर्यंत फिरायची पायवाट आखायचं सुचलं.

वाटमंडळ म्हणजे शहरातून निवृत्त होऊन आलेली आठ-दहा माणसं आणि त्यांचे पुढारी प्रादेल मास्तर. मास्तरांनी आमच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आता ते हातात पिवळ्या रंगाचा डबा घेऊन माळभर फिरतात आणि झाडांवर, दगडांवर वाटेच्या खुणेचे पट्टे ओढतात. खालच्या धुण्याच्या घाटापासून सुरुवात, मग गावची पावाची भट्टी, पंख नसलेली पवनचक्की, मेंढपाळांची दगडी घुमटी, आणि शेवटी वरचं तळं. नऊ किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी एक पाटी.

जुलैच्या एका सकाळी मास्तर आमच्या अंगणात आले. मी मेंढ्यांचे खूर छाटत होतो. मांडीत मेंढी उलटी धरलेली, कपाळावरचा घाम तिच्या पोटावर टपकत होता.

"जिल्बेर, तुझी कळपासकट गरज आहे."

"कळप काय पाट्या रंगवणार?"

"तळं पुन्हा बांधायचंय. वरचं. फुटका भाग बुजवायचा, नवी चिकणमाती टाकायची आणि मेंढ्यांकडून तुडवून घ्यायची. जुन्या रीतीनं. यंत्रानं नाही."

माझ्या हातातली कात्री खुराच्या जिवंत मांसात गेली. मेंढीनं अंग झटकलं. रक्त आलं.

"लागलं तिला," मास्तर म्हणाले.

"लागू दे," मी म्हणालो. मग वाईट वाटलं म्हणून तिच्या खुरावर निळा फवारा दोनदा मारला.

मिरेय, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली होती. कमरेवर हात. "देतील ते, मास्तर. यांना प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायची खोड आहे. लग्नालाही नाहीच म्हणाले होते."

"मी नाही म्हणालो नव्हतो."

"'हो'ही म्हणाला नव्हतात. आईनं मान हलवली तुमच्या वतीनं."

मास्तर हसले. मीही हसलो. असं हसलं की तोंडाला काम मिळतं.

*

खणायला आम्ही दहाजण होतो. तळ्याच्या तळाशी बावीस वर्षांची माती, पानं, झुडपं, एक सायकलचं चाक. ऊन इतकं, की फावड्याचा दांडा हाताला चटके देत होता. शहरातल्या बाया टोप्या घालून माती टोपल्यांत भरत होत्या आणि दर दहा मिनिटांनी पाठ धरत होत्या. झोआकिम गवंडी, पोर्तुगालचा, चाळीस वर्षांपूर्वी आला आणि आता आमच्यापेक्षा आमची भाषा जास्त शिव्या घालून बोलतो, तो काठाचे निखळलेले दगड बसवत होता.

तिसऱ्या दिवशी जुन्या मातीचा थर लागला. निळसर, घट्ट, साबणासारखा. आणि मधोमध तो फुटलेला. बैलाच्या डोक्याएवढं भोक, खाली काळी भेग. भेगेत फावडं घातलं तर आत घुमल्यासारखा आवाज आला. सगळे भोवती जमले.

"गाईच्या खुरानं एवढं?" एका बाईनं विचारलं.

"खूर एकदा शिरला की पाणी बाकीचं करतं," मास्तर म्हणाले. त्यांनी हे शंभर वेळा सांगितलं असावं, अशा आवाजात.

मी पाणी प्यायला गाडीकडे गेलो. पाणी गरम होतं. प्यायलो.

परत आलो तर झोआकिमच्या हातात लोखंडाचा तुकडा होता. मूठभर, गंजलेला, टोकाला निमुळता.

"हे भेगेत अडकलं होतं."

"नांगराचा फाळ?" मास्तरांनी चष्मा वर केला. "जुना असेल. फार जुना. गावच्या कचेरीतल्या कपाटात ठेवू. काचेत."

"हो, आणि खाली लिहा, राजाच्या घोड्याची दाढ," झोआकिम म्हणाला.

सगळे हसले. मिरेय हसली नाही. ती दुपारचं जेवण घेऊन आली होती, टोपलीत पाव, चीज, टरबूज. तिनं तो तुकडा झोआकिमच्या हातातून घेतला, बोटांनी माती पुसली, उलटा करून बघितला. मग अंगावरच्या एप्रनच्या खिशात टाकला.

"मास्तर, घासून देते तुम्हाला," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

ती शेतकऱ्याची मुलगी आहे. यंत्राचा दात तिला ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. तिनं सूप वाढलं आणि माझ्या ताटाशेजारी, चमच्याच्या जागी, तो दात ठेवला. घासून. लख्ख.

"तसे दात सगळ्याच यंत्रांना असतात," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

आम्ही सूप प्यायलो. बाहेर कोंबड्या धुळीत अंग घासत होत्या. सूप संपत आलं तशी तिनं उरलेल्या घोटांत नेहमीसारखी वाइन ओतली आणि ताट हलवलं; आमच्याकडे सूप असंच संपवतात. ते शेवटचे दोन घोट मी ताटात तसेच ठेवले.

"ते यंत्र परत करायला गेलात," ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "तेव्हा मालकाशी एका दातावरून भांडून आलात. मला म्हणालात, चाऱ्याच्या खड्ड्यात दगड लागला. आपल्या खड्ड्यात मुठीएवढाही दगड नाही, जिल्बेर. मी तेव्हाही म्हटलं मनात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माणूस आहे, स्वतः बोलेल."

तिनं नळ सोडला. भांड्यांचा आवाज मोठा केला. बावीस वर्षं एका टेबलावर बसून आम्ही दोघंही गप्प होतो. आता कळलं की तिचं गप्प बसणं वेगळं होतं. ती माझी वाट बघत होती.

*

त्या आठवड्यात मी कामाला सगळ्यांच्या आधी जायचो आणि सगळ्यांच्या नंतर निघायचो. खालच्या खोऱ्यातून कौलांच्या भट्टीजवळची माती ट्रॅक्टरनं आणली, सात खेपा. भेग झोआकिमनं दगड आणि चुन्यानं बुजवली. माझी पाठ वाकली, तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मास्तर म्हणाले, "जिल्बेर, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव उभं आहे." मी खाली बघून माती पसरत राहिलो. प्रत्येक शाबासकी पाठीवर ओल्या पोत्यासारखी पडत होती.

एक दिवस एक फिरस्तं जोडपं आलं. हातात काठ्या, पाठीवर पिशव्या, गुडघ्यापर्यंत धूळ. पिवळ्या पट्ट्यांवरून आले होते.

"पाणी मिळेल का?"

मी माझी बाटली दिली. दोघं आळीपाळीनं प्यायले. बाईनं तळ्याकडे बघितलं, तिथल्या गोल काठाकडे, दगडांच्या रांगांकडे.

"किती सुंदर आहे. दुरुस्त करताय वाटतं, कुणी फोडलं होतं हे?"

तिनं सहज विचारलं. अनोळखी बाई. उद्या दुसऱ्या गावात असणार, पुन्हा दिसणार नाही. तिला सांगितलं असतं तरी काय बिघडलं असतं?

"गाई शिरल्या होत्या," मी म्हणालो. मग उगाच जोडलं, "म्हणतात."

"अरेरे," ती म्हणाली. "बिचारी माणसं, निष्काळजी असतात."

ते निघून गेले. घुमटीच्या वळणावर दिसेनासे झाले. मी उन्हात उभा राहिलो आणि माझे कान इतके गरम झाले, की हात लावून बघावा लागला. बावीस वर्षं मी फक्त गप्प होतो. आता तोंडानं खोटं बोललो होतो. आणि बाटली देणारा भला माणूस म्हणून त्यांच्या आठवणीत जाणार होतो.

त्या संध्याकाळी मास्तरांनी पाटीचा मजकूर वाचून दाखवला. पवनचक्कीचा, भट्टीचा, मग तळ्याचा. "...सुमारे वीस वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या गाईंनी तळाचा थर फोडल्यामुळे हे तळं कोरडं पडलं. गावकऱ्यांनी जुन्या रीतीनं ते पुन्हा उभं केलं..."

"नाव नको घालायला," मास्तर म्हणाले. "म्हातारी जिवंत आहे."

"तिला बोलावलंय का?" मिरेयनं विचारलं.

"तुडवायच्या दिवशी येईल म्हणाली. तिच्या वडिलांनी शेवटचं तुडवलं होतं, कसं करतात ते तिलाच माहीत आहे. फार विनवावं लागलं. बावीस वर्षांत वर आलेली नाही ती."

*

तुडवायचा दिवस. सकाळी आठलाच आकाश पांढरं पडलं होतं. खाली गावच्या भट्टीत जाळ घातला होता, पाव भाजायचे होते, त्याचा धूर सरळ वर जात होता. झाडाचं पान हलत नव्हतं. चाळीसएक माणसं काठावर उभी होती, टोप्या, छत्र्या.

इर्मा मास्तरांच्या गाडीतून आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, काळा फ्रॉक, घरात घालायची चप्पल. तिला काठावर खुर्ची दिली. तिनं चप्पल काढली, पाय मातीवर ठेवला, बोटं हलवली.

"अजून पाणी घाला," ती म्हणाली. "हिला तहान आहे."

टँकरमधून पाणी शिंपडलं. तिनं पुन्हा पाय ठेवला. "आता. आणि थांबायचं नाही. एकदा सुरू केलं की वाळायच्या आत संपवायचं. मध्ये थांबलात तर तडे जातात."

मी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून आत उतरलो. माती थंड होती. हातात मिठाचा डबा, कळप मागे. आमच्या माळावरच्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, जणू सगळ्या रडून आल्यात. मी डबा वाजवला आणि गोल फिरायला लागलो. मेंढ्या मागे आल्या. शेकडो खूर, चप् चप् चप् चप्. एक फेरी, दुसरी, तिसरी. माती मेंढ्यांखाली चमकायला लागली. लोक टाळ्या वाजवत होते. फोटो काढत होते. दर फेरीला मी इर्माच्या खुर्चीसमोरून जायचो आणि ती मान हलवायची. बरोबर. असंच.

दहाव्या-बाराव्या फेरीला बघितलं तर ती उभी राहिली होती. मास्तरांच्या दंडाला धरून.

"मला बोलायचंय."

"बोला ना, इर्माबाई."

"ती पाटी मला वाचून दाखवली. त्यात एका शेतकऱ्याच्या गाई लिहिलंय. तसं नको. माझं नाव घाला."

"त्याची काही गरज नाही..."

"गरज आहे. नाव नसलं की लोक भलत्याचं नाव घेतात. पुढची पोरं विचारतील, कोण होतं ते, आणि कुणीतरी दुसऱ्या घराकडे बोट दाखवेल." तिचा आवाज कापत होता, पण हाक मारायच्या वेळी व्हायचा तसाच उंच होता. "मी त्या दुपारी झाडाखाली झोपले. मर्कीज आत गेली. चूक गाईची नाही, माझी. तेव्हा सभेत मी नुसतं हो म्हणाले. माफी मागितली नाही. लाज वाटली. आज मागते. तुम्हा सगळ्यांची."

कुणी टाळी वाजवली नाही. एका बाईनं डोळे पुसले. मास्तर म्हणाले, "बसा, बसा, झालं ते झालं." काठावर मिरेय उभी होती, हाताची घडी घालून. तिनं आता माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ती जशी दारात उभी राहून पावसाची वाट बघते तशी.

मी चालत होतो. डबा वाजत होता. फेरी पुरी झाली, पुन्हा इर्मासमोर आलो. ती खुर्चीत बसत होती, आणि मला म्हणाली, "चांगलं चाललंय, पोरा, थांबू नकोस."

मी पुढे गेलो. अर्धं वर्तुळ. माती पाय गिळत होती, सोडत होती. मेंढीचं डोकं माझ्या पोटरीला लागत होतं. आणखी एक फेरी केली. तिच्यासमोर आलो आणि पाय उचलेना. मागची मेंढी येऊन आदळली. तिच्या मागची तिच्यावर. सगळा कळप दाटून उभा राहिला.

"जिल्बेर!" मास्तर ओरडले. "थांबू नको! तडे जातील!"

"मास्तर, एक मिनिट."

"अरे माती वाळतेय!"

"वाळू दे." मी टोपी काढली. हात मातीचे होते, कपाळाला माती लागली. "इर्माबाई, माफी मागू नका. तुमची गाय आत गेली त्याच्या आधीच तळ फुटलेला होता. पहाटे मी यंत्र घातलं. मी फोडला. दुपारी पाणी पळत होतं आणि मी बघायला आलो, तर मर्कीज आत होती. आणि मी दुकानात जाऊन तेवढंच सांगितलं."

ती माझ्याकडे बघत होती. ऐकू गेलं की नाही, कळेना. मी आणखी जवळ गेलो, काठाशी, तिच्या उघड्या पायांच्या उंचीवर माझं तोंड आलं.

"मर्कीज रोज काठावर शहाण्यासारखी उभी राहायची, बादलीची वाट बघत. त्या दिवशी पाणी काठापासून लांब गेलं होतं, इर्माबाई. माझ्यामुळे. ती पाण्यामागे गेली. तिला तहान लागली होती, बाकी तिनं काही केलं नव्हतं."